आवाज लावून ध्यान : सूचना किती आणि शांतता किती?

लकडीपूल
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमची ध्यानाची बैठक असते. दहा-बारा जण, वय पस्तीस ते अठ्ठ्याहत्तर. गुरू वगैरे कोणी नाही. ब्लूटूथ स्पीकरवर वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग लावायचं, डोळे मिटायचे, नंतर पाच मिनिटं गप्प, मग चहा. आतापर्यंत हिंदी-इंग्रजी रेकॉर्डिंगं चालवली. आता मराठीत आपलं आपणच करायचं ठरलंय, पंधरा मिनिटांचं.

तक्रारी तीनच, पण दर गुरुवारी त्याच. रेकॉर्डिंगमधली बाई बोलत असते तोवर बरं वाटतं, ती थांबली की विचार दुप्पट जोराने येतात. निम्मे लोक झोपतात, त्यातले एक घोरतात. आणि ज्यांना झोप येत नाही त्यांचा पाय झोपतो.

जाणकारांनी नेमकं सांगावं : पंधरा मिनिटांत बोलायचं किती, थांबायचं किती, क्रम काय. ‘मन एकाग्र करा’ छापाचे सल्ले कृपया नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

मंद्र_सप्तक
पहिल्या तक्रारीतच सगळं आलं. वीस मिनिटं कोणीतरी गोड आवाजात बोलतंय आणि आपण ऐकतोय, याला रेडिओ म्हणतात. लक्ष ऐकण्यात गुंतलेलं असतं म्हणून विचार दबलेले वाटतात. आवाज बंद झाला की लक्षाला काम उरत नाही आणि दबलेलं सगळं वर येतं. पाच मिनिटांची शांतता शेवटी अशी एकदम दिली तर होणारच. शांतता रेकॉर्डिंगच्या आतच, सुरुवातीपासून थोडी थोडी वाढवत न्यायची.

जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब शिकवताना कधी बघा. नवीन पोराला खालून हात लावलेला असतो, पण भार खांबावर आणि पोराच्या मांड्यांवर असतो. हात हळूहळू दूर जातो, तेव्हा पोराला कळतही नाही. आवाजाने तेच करायचं.

माप सांगतो. पंधरा मिनिटांना साडेतीनशे शब्द, त्याहून जास्त नाही. वाटणी साधारण अशी : पहिल्या चार मिनिटांत एकशेऐंशी, पुढच्या पाचांत एकशेदहा, शेवटच्या सहा मिनिटांत उरलेले साठ. बाजारातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगांत हे उलटं असतं, शेवटाकडे बोलणाराच रंगात येतो.

थांबण्याचं माप घड्याळावर न ठेवता स्वतःच्या श्वासावर ठेवा. निवांत बसलेल्या माणसाचा एक श्वास चार-पाच सेकंदांचा असतो. सुरुवातीला दोन वाक्यांमध्ये दोन श्वास, मग चार, मग दहा, शेवटी पंचवीस-तीस. बोलणारा स्वतः श्वास मोजत थांबला की वाक्याचा वेगही आपोआप उतरतो. घड्याळ बघत थांबणाऱ्याच्या आवाजात घाई ऐकू येते.

टॉवरखालचा
वाचतोय. साडेतीनशे म्हणजे फारच कमी वाटतात हो. अर्ध्या पानात कुठे मावणार सगळं?

मंद्र_सप्तक
@टॉवरखालचा, सगळं मावायला नकोच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात गोयंका गुरुजींचा आवाज असतो, पण एका तासाच्या बैठकीत तो मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी. मध्ये शांतता. आणि पहिले तीन दिवस एकच काम, नाकाशी येणारा-जाणारा श्वास. तिथे दहा दिवस असतात म्हणून एवढी शांतता पेलते. तुमच्याकडे गुरुवारची पंधरा मिनिटं आहेत, म्हणून आवाज थोडा जास्त. पण दिशा तीच ठेवा.

आता शब्दांबद्दल, कारण मराठीत करताना खरी गडबड इथे होते. हिंदी-इंग्रजीवरून सरळ उतरवलं की वाक्यं अशी येतात : ‘आता तुम्ही तुमच्या शरीराच्या उजव्या पायाला अनुभवत आहात.’ असं कोणी घरात बोलतं का? ‘उजवा पाय. तळव्यापासून वर.’ एवढं पुरतं.

सगळ्यात जपून वापरायचा शब्द ‘घ्या’. ‘श्वास घ्या’ म्हटलं की दहापैकी आठ जण छाती फुगवतात आणि पुढची दहा मिनिटं श्वास चालवत बसतात. ‘श्वास येतोय, जातोय’ म्हटलं की तेच लोक नुसतं बघतात. तसंच ‘लक्ष द्या’ ऐवजी ‘लक्ष असू दे’. ‘आराम करा’ ऐवजी ‘सैल’. ‘विचार करू नका’ हे वाक्य तर काढूनच टाका, ते ऐकल्याबरोबर माणूस तपासायला लागतो की आपण विचार करतोय का.

स्वस्थ_बैस
झोपेबद्दल लिहिते. तुमच्या रेकॉर्डिंगात दोन वेगळ्या पद्धतींची खिचडी झाली असणार, असा दाट संशय आहे.

योगनिद्रा वेगळी. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी ती आजच्या रूपात बसवली. ती शवासनात, पाठीवर पडूनच करायची. आधी संकल्प, मग शरीरावरून फिरणं : उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, तळवा, मनगट, कोपर असं. हे फिरणं झपाट्याने करायचं असतं. रेंगाळलं की मन त्या जागेला चिकटतं नाहीतर झोप लागते. मग श्वासाची उलटी मोजणी, २७ पासून १ पर्यंत. मग जड-हलकं, गार-गरम अशा जोड्या. ती झोपेच्या उंबऱ्यावरच चालते, म्हणून अधूनमधून ‘जागे राहा’ अशी सूचना लागते.

दुसरी पद्धत सावकाश अंग तपासण्याची. अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ साली दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात ती पंचेचाळीस मिनिटं चालते, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत, प्रत्येक ठिकाणी थांबत. तिथे जे जाणवतं ते बघायचं, काही जाणवत नसेल तर ‘जाणवत नाही’ हेही बघायचं.

योगनिद्रेचा झोपेकडे नेणारा आवाज आणि अंग तपासण्याचा संथ वेग, दोन्ही एकत्र केलं की निम्मी बैठक घोरणारच. एक धरा. बसून करायचं असेल तर दुसरी, आणि छोटी करून.

बाकी कारणं साधी आहेत. साडेसहाची बैठक म्हणजे चारच्या चहाबरोबर शेव-उसळ झाली असेल तर पोट जड. जेवणानंतर दोन तास आणि नाश्त्यानंतर तास-दीड तास सोडा. दिवे पूर्ण बंद करू नका, एक ट्यूब चालू राहू दे. पाठ भिंतीला पूर्ण टेकवली की डोकं मागे जातं आणि तोंड उघडतं. घोरणारे काका तिथेच बसत असतील, बघा. फक्त कंबरेला उशी द्या, खांदे मोकळे. डुलकी यायला लागली तर डोळे अर्धे उघडून नजर दोन-तीन हातांवर जमिनीकडे. एवढं करूनही रोज झोप येत असेल तर त्या माणसाची रात्रीची झोप कमी पडतेय. त्याला झोपू द्यावं, ध्यान पुढच्या गुरुवारी.

लकडीपूल
काका भिंतीलाच बसतात!

चटई_चार_बोटं
पायाच्या तक्रारीवर. मांडी घालून बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर पाठ मागे ओढली जाते, माणूस पोक काढतो, आणि बारा मिनिटांत कंबर भरते. उपाय : सतरंजी किंवा सोलापुरी चादर घट्ट घडी करून फक्त ढुंगणाखाली. पायाखाली नाही. उंची चार बोटांपासून सुरू करा, गुडघे जमिनीकडे झुकेपर्यंत वाढवा. मऊ उशी नको, ती दबते आणि पाच मिनिटांनी उंची निम्मी होते. एक गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली पंचा गुंडाळून सरकवा.

पाय झोपतो तो बहुतेक वेळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाजवळून जाणारी नस दाबली जाते म्हणून. एका पायाची टाच दुसऱ्या पोटरीत रुतत असेल तर हमखास. पाय एकावर एक न ठेवता एकापुढे एक ठेवा, दोन्ही नडग्या जमिनीला. आणि झोपलेल्या पायावर लगेच उभं राहायचं नाही. पाऊल उचललं जात नाही, फरशीवर घसरून माणूस पडतो. आधी पाय लांब करा, पंजा पुढे-मागे करा, मुंग्या पूर्ण गेल्यावर उठा. मधुमेह असणाऱ्यांना तळव्याची संवेदना आधीच कमी असू शकते, त्यांना पाय झोपल्याचं कळतही नाही. त्यांनी खुर्चीच घ्यावी.

खुर्ची म्हणजे कमीपणा नाही, पण खुर्चीतही बसायची रीत आहे. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, मागच्या बाजूला घडी घालून ती सपाट करा. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उंची कमी असलेल्यांचे पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते आणि पुन्हा मुंग्या. त्यांच्या पायाखाली पाट द्या.

पंखा डोक्यावर नको. नाक कोरडं पडून खोकला सुरू होतो, आणि एक खोकला की दहा खोकतात.

हिशेबनीस
आता मूळ दुखणं, थांबल्यावर येणारे विचार.

मेंदूला बाहेरचं काम नसलं की तो स्वतःचं काम काढतो. मेंदूतला हा जो रिकाम्या वेळी चालू राहणारा भाग आहे, त्याला मार्कस रेकल यांनी २००१ साली नाव दिलं, ‘डिफॉल्ट मोड’. काल काय झालं, उद्या काय होईल, लोक आपल्याबद्दल काय म्हणतात, यात तो गुंतलेला असतो. तेव्हा डोळे मिटल्यावर विचार येणं हा बिघाड नव्हे. मन कुठे गेलंय हे कळणं आणि परत येणं, व्यायाम तेवढाच आहे. पंधरा मिनिटांत चाळीस वेळा गेलं आणि चाळीस वेळा परत आलं तर चाळीस जोर झाले.

बसण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाला कागद आणि पेन्सिल द्या. डोक्यात घोळणारी कामं लिहायची : गॅसचा नंबर लावायचा, भाच्याला फोन, लाइटबिल. लिहिलं की ते विसरायची धास्ती जाते. घडी घालून चपलांपाशी ठेवायचं. फोनवर लिहू देऊ नका, फोन हातात आला की तो हातातच राहतो.

मोजणी : श्वास बाहेर जाताना एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. चुकलं तर एकवर. यात एक फसगत आहे. चार-पाच दिवसांत मोजणी यंत्रासारखी चालू राहते आणि खाली विचारही बिनदिक्कत चालू राहतात. माणूस सतरा-अठरावर पोचल्यावर जागा होतो. तसं झालं की उलटं मोजा, दहा ते एक. नाहीतर गुजरातीत मोजा. आपल्या बडोदेकरांना दुकानात गुजराती सहज येते, पण मनातले आकडे मराठीतच चालतात, म्हणून जरा जास्त लक्ष लागतं.

नावं देणं : विचार आला की त्याला एक शब्द. तीन शब्द पुरतात. पुढचं ठरवत असाल तर ‘हिशेब’. मागचं आठवत असाल तर ‘उजळणी’. कोणाशी तरी मनात बोलत असाल तर ‘भांडण’, आणि याचंच प्रमाण सगळ्यात जास्त निघतं. शब्द मनात हळू म्हणायचा, एकदाच, आणि श्वासाकडे. विचारात काय होतं ते तपासायला थांबायचं नाही.

स्वस्थ_बैस
@हिशेबनीस, ‘भांडण’ फार बरोबर. 😄

एक भर घालते. ज्यांचं डोकं फारच गरगरतंय त्यांना आधी श्वासाने उतरवा, नाव देणं त्यानंतर. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब : चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकानेच. एक आकडा एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, आत येताना वाढतात. बाहेरचा भाग लांबवला की ठोके मंदावायला जास्त वेळ मिळतो. तीन ते पाच मिनिटं पुरे. दम कोंडायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर कुंभकाच्या वाटेला जाऊच नये.

चूक होते ती अशी : ‘दीर्घ’ म्हटलं की लोक ‘जोरात’ करतात. भराभर मोठे श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ आणि बोटं झिणझिणतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं की काहीतरी आध्यात्मिक झालं. काही झालेलं नसतं. नेहमीसारखा श्वास चालू द्यावा, दोन-तीन मिनिटांत उतरतं.

भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, पाच-सात वेळा केली तरी हेच साधतं, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. दहा जणांनी एकदम केली तर मात्र गल्लीतले शेजारी विचारायला येतील.

घडियाळी_पोळ
अवांतर वाटेल, पण बडोद्यात बसून मन शांत करण्याची चर्चा चाललीय आणि लेल्यांचं नाव कोणी घेतलं नाही? अरविंद घोषांना ध्यान शिकवणारे विष्णू भास्कर लेले आपलेच. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात घोष राहत होते तेव्हा लेल्यांनी त्यांना तीन दिवसांत मन निर्विचार करायला शिकवलं.

सयाजी_वाचनालय
@घडियाळी_पोळ, थोडी दुरुस्ती. अरविंद बडोदे संस्थानच्या नोकरीत होते १८९३ ते १९०६. लेल्यांची भेट त्यानंतरची, जानेवारी १९०८. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली, तिथून अरविंद बडोद्याला आले होते. बारींद्रने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, लेल्यांशी गाठ घालून दिली. बैठक झाली सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत. तीन दिवस बरोबर.

लेल्यांची सूचना या धाग्याच्या कामाची आहे. आशय असा : बसा, बघा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, आत शिरण्याआधी परत लोटा. बस. एवढंच ‘रेकॉर्डिंग’. त्यानंतर आवाज नाही. १९ जानेवारीला मुंबईत भाषण होतं तेव्हाही अरविंदांचं मन तसंच कोरं होतं. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, बोलणं येईल, असं लेल्यांनी सांगितलं होतं.

मंद्र_सप्तक
छान आठवण. म्हणजे साडेतीनशे शब्दही जास्तच झाले.

हिशेबनीस
थांबा, याचा उलटा अर्थ निघायला नको. अरविंदांनी त्याआधी काही वर्षं रोज तासन्‌तास प्राणायाम केलेला होता. तयार जमिनीवर एक वाक्य पुरलं. गुरुवारच्या मंडळींना ‘विचार परत लोटा’ सांगितलंत तर ते लोटालोटी करत बसतील, कपाळाला आठ्या पडतील आणि डोकं दुखेल. नवख्याला ढकलण्याची सूचना देऊ नका. ओळखा आणि परत या, एवढंच.

सयाजी_वाचनालय
मान्य.

फीत_आणि_फीत
रेकॉर्डिंग करण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. साधा फोन पुरतो. पण :

फोन तोंडापासून एक वीत, आणि समोर नको, जरा गालाच्या बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ वर हवेचा फटका बसतो. आपल्या मजकुरात पाय, पोट, पाठ, पापण्या, बोटं, भुवया आहेत, म्हणजे फटकेच फटके. खोली मोकळी असेल तर आवाज घुमतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, मागे गादी उभी करा. पंखा आणि फ्रिज बंद. वेळ पहाटे पाचची, दूधवाल्याच्या आधी.

लांब शांतता संगणकावर कोरी भरू नका. आवाजामागची ती बारीक सळसळ एकदम तुटली की ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंग संपलं किंवा स्पीकरची बॅटरी गेली, आणि लोक डोळे उघडतात. त्याच खोलीत, त्याच फोनवर, कोणी न बोलता तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि तो तुकडा मध्ये जोडा.

मागे संगीत नको. ठेवायचंच असेल तर तानपुरा, अगदी बारीक, आणि शेवटच्या सहा मिनिटांत तोही हळूहळू विरवा. एकदम बंद केलात तर शांततेचाच दचका बसतो.

शेवटाला गजर नको, घंटा हवी. पितळी पूजेची घंटा फार टणटणीत वाजते. काशाच्या वाटीला लाकडी चमच्याने एक टोला द्या, नाद विरेपर्यंत रेकॉर्ड करा.

फुकटच्या व्हिडिओवरून कधीही लावू नका. सातव्या मिनिटाला मन कुठे जरा बसतंय तोच पान मसाल्याची जाहिरात दुप्पट आवाजात येते. फाइल फोनमध्येच ठेवा, फोन फ्लाइट मोडवर. मात्र फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर स्पीकर गप्प आणि सगळे एकमेकांकडे बघताहेत. स्पीकर मंडळींच्या समोर ठेवण्यापेक्षा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवा. आवाज खोलीत पसरतो, कोणाच्या अंगावर येत नाही.

स्वस्थ_बैस
एक गोष्ट धागा पुढे जाण्याआधी. काही जणांना अंग सैल पडायला लागलं की उलट भीती वाटते, छाती भरून येते, रडू येतं. सतत सावध राहण्याची सवय असलेल्या माणसाला सैलपणा म्हणजे पहारा सोडल्यासारखं वाटतं. त्याला ‘अजून सैल सोडा’ म्हणणं चूक. डोळे उघडायचे, तळवे जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची, पाणी प्यायचं. त्या दिवशी पुढे न बसलेलंच बरं. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून, पाचच मिनिटं.

मोठा मानसिक आजार, भास, किंवा मोठा आघात होऊन गेलेला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच. गोळ्या तर ध्यानासाठी अजिबात बंद करायच्या नाहीत. बैठकीच्या फळ्यावर टेली-मानसचा नंबर लिहून ठेवा, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास.

लकडीपूल
सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून खर्डा केलाय. वेळ मिनिट:सेकंद, कंसात थांबण्याचे श्वास. झोडपा.

०:०० एक टोला, नाद विरेपर्यंत गप्प.
०:२० बैठक एकदा हलवून घ्या. पुढे, मागे. डावीकडे, उजवीकडे. जिथे कमी जोर लागतो तिथे थांबा. (३)
०:५० डोळे मिटा. मिटायचे नसतील तर नजर जमिनीकडे. (३)
१:१५ जबडा सैल. दातावर दात नको. (२) जीभ सैल, टाळूला चिकटलेली नको. (२) खांदे कानांपासून दूर. (३)
२:०० बाहेर जाणारा श्वास जरा लांबू दे. (सावकाश पाच)
३:०० आता लांबवणं सोडा. श्वास आपला आपण येतोय, जातोय. (५)
३:३० पायाची बोटं. तळवे. टाचा. (२) नडग्या. पोटऱ्या. (२) गुडघ्याच्या वाट्या. मांड्या. (३) माकडहाड. कंबर. (३) पोट, खाली-वर होतंय. (६) बरगड्या. पाठ. (३) हात, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. (४) मान. (३) चेहरा. भुवयांच्या मधली जागा. (४) टाळू. (४)
७:१५ नाकाखाली, वरच्या ओठावर, हवा लागतेय. आत जाताना गार. बाहेर येताना कोमट. (१०)
८:१५ मन कुठे गेलं असेल तर त्याला नाव ठेवा. हिशेब. उजळणी. भांडण. आणि परत. (१५)
९:४५ परत. (२५)
११:४५ परत. (३०)
१४:०० बाहेरचे आवाज येऊ द्या. (५) हाताची बोटं हलवा. (२) घाई नाही. (२)
१४:४५ टोला.

हिशेबनीस
८:१५ ला ‘नाव ठेवा’ लिहिलंय! मराठी माणसाला नावं ठेवायला सांगायची गरज नाही, तेच तर तो दिवसभर करतो. ‘नाव द्या’ करा.

टॉवरखालचा
😂 +१

मंद्र_सप्तक
खर्डा चांगला आहे. ‘टाळू’ दोनदा आलाय, दोन अर्थांनी. १:१५ ला तोंडातला, ३:३० च्या ओळीत डोक्यावरचा. ऐकणारा दुसऱ्या वेळी जीभ वर नेऊन तपासणार. दुसरीकडे ‘डोक्याचा माथा’ करा. आणि ‘माकडहाड’ काढा. शब्द बरोबर आहे, पण दहा माणसांत कोणीतरी हसणार आणि मग सगळेच. ‘बैठकीची हाडं’ म्हणा, टेकलेलीही तीच असतात.

९:४५ चा नुसता ‘परत’ उत्तम. पण तो आवाज आधीच्या वाक्यांपेक्षा खाली असू दे, नाहीतर तंद्रीतले लोक दचकतील. ३:३० चा भाग एका दमात रेकॉर्ड करू नका, दर दोन ओळींनी पाणी प्या. घसा कोरडा असला की ओठांचा चटचट आवाज फोन बरोबर टिपतो.

एक मोठी सूचना. हीच फाइल कायम लावू नका. चार गुरुवार ही. मग ३:३० चा भाग निम्मा केलेली. मग फक्त पहिल्या तीन मिनिटांची आणि टोल्यांची. ज्यांना त्रास होईल त्यांनी घरी पहिली ऐकावी.

चटई_चार_बोटं
०:२० च्या आधी खुर्चीवाल्यांसाठी अर्धं वाक्य घाला : ‘तळवे जमिनीला.’ आणि शेवटी टोल्यानंतर ‘सावकाश उठा’ फाइलमध्ये नको, कोणीतरी प्रत्यक्ष म्हणा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभं राहिल्यावर चक्कर येते, तिथे माणूस जवळ लागतो.

लकडीपूल
सगळं करतो. शेवटचा प्रश्न. पुढचा गुरुवार नेमका वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या पतंगांना, येतोय. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, वर अगाशी (गच्ची), चारी बाजूंना स्पीकर. बैठक रद्द करू का? १४:०० ला ‘बाहेरचे आवाज येऊ द्या’ म्हणतोच आहोत, तर तेच पंधरा मिनिटं करता येईल असं एक जण म्हणतात.

फीत_आणि_फीत
भोंग्याच्या आवाजात स्पीकरचा आवाज वाढवत नेलात तर ध्यानाचा डीजे होईल.

हिशेबनीस
आवाजावर ध्यान करता येतं, पण कुठल्या आवाजावर ते बघावं लागतं. गाड्या, पक्षी, भांडी, पंखा चालतात. आवाज कुठून येतो, जवळचा की लांबचा, सुरू कधी झाला आणि थांबला कधी, एवढंच ऐकायचं, कशाचा ते ठरवायचं नाही. शब्द असलेला आवाज अवघड. गाण्याची ओळ अर्धी ऐकू आली की उरलेली मन स्वतःच पुरी करतं. आणि ‘काइपो छे!’ ऐकल्यावर कोणाचा पतंग कापला ते बघायला डोळे उघडणार नाही असा बडोदेकर अजून जन्माला यायचाय.

रद्द करू नका, वेळ बदला. पहाटे साडेपाचला घ्या, स्पीकर चढायच्या आत संपेल. पोटही रिकामं असेल. थंडी असते, प्रत्येकाला शाल आणायला सांगा. बसल्यावर दहा मिनिटांत अंग गार पडतं.

लकडीपूल
साडेपाच ठरलं. खर्डा दुरुस्त करून उद्या पहाटे रेकॉर्ड करतो. काशाची वाटी मिळाली आहे, लाकडी चमच्यासाठी घरात विचारणा चालू आहे. काकांची जागा भिंतीपासून हलवली, नाराज आहेत.